आप्पांचा जबडा

आधीच सांगून टाकते, यात कुणाचंही हाड मोडलेलं नाही. मोडली ती फक्त माझी ऐट!

मी बेंगळुरूला नर्सिंग शिकले आणि ठरवलं, नोकरी करायची ती आपल्या जळकोटलाच. लायसन्सची प्रात्यक्षिक परीक्षा तेवढी राहिली होती, सोमवारी. मला वाटलं होतं, गावी निवांत सराव होईल, घरची माणसं हौसेनं रुग्ण होतील. प्रत्यक्षात काय? मी पट्टी हातात घेतली की घर रिकामं! आमचं कुत्रंसुद्धा उठून शेजारी जायचं.

शेवटी चुलते हाती लागले. आमचे आप्पा.

"आप्पा, जरा बसा ना!"

"बसतो की. सुई न्हाय ना टोचणार?"

"नाही हो, नुसती जबड्याची पट्टी."

ही जबड्याची पट्टी म्हणजे माझं दुखणं. हनुवटीखालून डोक्यावर न्यायची, आणि ती माझ्या हातून हमखास निसटायची. परीक्षेत निसटली की संपलंच सगळं! त्यात जे करतोय ते परीक्षकाला मोठ्यानं सांगत करायचं. मी आप्पांना ओसरीवरच्या बाजेवर बसवलं आणि सुरू झाले, "रुग्ण पुरुष, वय पंचावन्न. मोटारसायकलवरून पडून जबड्याचं हाड मोडलं आहे…"

फाटकाशी कोथिंबीर मागायला आलेल्या शेवंताकाकूंनी नेमकं एवढंच ऐकलं. आप्पांचं बांधलेलं तोंड पाहिलं. आणि आल्या पावली गावभर!

मला पत्ताच नाही. पट्टी पहिल्यांदाच घट्ट बसली होती हो, मी तिच्याकडंच बघत उभी!

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. माणूस पडला की गाव बघायला येतं, आणि रिकाम्या हातानं येत नाही. बघता बघता ओसरी भरली. बिस्किटांचे पुडे, केळी, शहाळी!

"कसं पडलाव वो आप्पा?"

"म्म्म! म्म्म!"

"बोलू नगा, बोलू नगा! लई लागलंय बगा."

"अहो, काही झालेलं नाही त्यांना!" मी ओरडले.

"धीर देतीय पोरगी. नर्सच हाय ती."

मी पट्टी सोडायला गेले, तर काकूंनी माझा हातच धरला. "सोडू नगंस गं बाई, हाड सरकल!"

कुणीतरी फोटो काढून उमरग्याला आत्याला पाठवला. तासाभरात आत्या जीप करून रडत हजर! "माज्या भावाला सोलापूरला न्या!" चौघांनी बाज उचललीसुद्धा. तेव्हा कुठं मी गर्दीत घुसले आणि पट्टी ओढून काढली.

आप्पांनी जबडा इकडं हलवला, तिकडं हलवला, आणि आधी एक केळं सोललं.

"मला काय बी झालं न्हाय! पोरगी सराव करत हुती."

पण ऐकतंय कोण? काकूंनी मला हात जोडले. "न्हाय कसं? हाड मोडल्यालं म्या माज्या कानानं ऐकलंय. आन आता केळ खातुय माणूस! पोरीच्या हाताला गुण हाय गुण!"

सकाळी दार उघडलं, तर फाटकाबाहेर माणसंच माणसं. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, एकाची तर शेळी! लायसन्स नसताना उपचार केले, तर ते मिळायच्या आधीच जाणार!

"अहो, मी अजून पास नाही!"

"आसू दे की! आमी कुटं कुणाला सांगतो?"

मग मात्र ठरवलं. एक पुठ्ठा घेतला, ठळक अक्षरांत लिहिलं आणि फाटकाला टांगला. गावाची सेवा करायला आलेल्या मुलीची गावातली पहिली पाटी:

"इथली नर्स अजून पास झालेली नाही. कृपया सरकारी दवाखान्यात जावे."