फॅमिली रूम

आईने बाबांचं घर सोडलं तेव्हा मी तिसरीत होते आणि भाऊ बालवाडीत. नवीन पनवेलमध्ये सिडकोच्या बिल्डिंगीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. तिथून आई आम्हा दोघांना घेऊन जुन्या पनवेलला, तळ्यामागच्या आळीत, तिच्या वडिलांकडे राहायला आली. बाबांनी तिला मारलं होतं. एकदाच. भांडण कशावरून झालं ते मला आठवत नाही, बहुधा कुणाच्या तरी लग्नाला जायचं की नाही यावरून. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बाबांचा हात वर गेला, आवाज झाला आणि मग गॅसवरचं दूध उतू गेलं, तरी कुणी गॅस बंद केला नाही.

नंतर पुष्कळ लोक समजूत घालायला आले. मामा आले, आत्या पेणहून आली, आई शिकवायची त्या शाळेतल्या बाईसुद्धा आल्या. सगळ्यांचं म्हणणं एकच.

"एकदाच ना? अगं, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच," आत्या म्हणाली.

"मी भांडं नाही," आई म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

आजोबा बोलत नसत, पण त्यांनी एक ठरवून टाकलं. मुलांना रविवारी वडिलांना भेटू द्यायचं, पण वडिलांनी या घरात पाऊल ठेवायचं नाही आणि मुलांना त्या घरात न्यायचं नाही. बाबांनी ते मान्य केलं. त्यांना दुसरं काही करताही येण्यासारखं नव्हतं. अशा रीतीने आमचे रविवार पनवेलच्या हॉटेलांत गेले.

पहिल्या रविवारी बाबा आळीच्या तोंडाशी उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. ते आम्हाला एसटी स्टँडजवळच्या उडप्याकडे घेऊन गेले. खाली माणसांची गर्दी होती, ड्रायव्हर, कंडक्टर, गाडीची वाट बघणारे. जिन्याशी पाटी होती, 'फॅमिली रूम वर आहे.' बाबा आम्हाला घेऊन जिना चढायला लागले, तर वाढपी आडवा आला. पन्नाशीचा, जवळच्याच कुठल्या तरी गावचा माणूस होता तो.

"वर फॅमिलीसाठी हाय," तो म्हणाला.

"हो, म्हणूनच चाललोय. ही माझी मुलं."

"पोरं हायेत, पन फॅमिली कुठं हाय?"

आमच्याकडे बायकोला फॅमिली म्हणतात. त्याने काही वावगं विचारलं नव्हतं. वर बायका बसायच्या, नुसत्या पुरुषाला तिथे सोडायचं नाही हा हॉटेलचा नियम होता. बाबा जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर उभे राहिले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"ती आली नाही आज," ते म्हणाले.

वाढप्याने आमच्याकडे पाहिलं. भाऊ कठड्याला लोंबकळत होता. "जावा," वाढपी म्हणाला, "पन कोपऱ्यात बसा. पडदा लावून घ्या."

वर प्लायवूडच्या आडोशांनी पाडलेले कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्याला फुलाफुलांचा मळका पडदा. शेजारच्या कप्प्यात एक कुटुंब हसत होतं. त्यांच्यातल्या आईने मुलाला म्हटलं, "सांबार सांडलंस तर बघ हं." आम्ही तिघंही ते ऐकत बसलो. बाबांनी इडल्या मागवल्या आणि आम्हाला शाळेचं विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी पुन्हा शाळेचंच विचारलं.

बाबा न्हावा शेव्याला, मालाची कागदपत्रं करणाऱ्या एका कंपनीत कारकून होते. बंदर नवीन होतं आणि काम वाढत होतं. आठवडाभर ते मुलांना नेता येईल अशी जागा शोधत राहायचे. पनवेलमध्ये तेव्हा अशा जागा फार नव्हत्या. खाणावळी होत्या, पण तिथे पुरुष खाली मान घालून भराभर जेवत आणि उठत. हायवेवर ढाबे होते, तिथे ट्रकवाले खाटांवर झोपलेले असत. मच्छीच्या एका खाणावळीत बाबा आम्हाला एकदा घेऊन गेले. जेवण छान होतं, पण मागच्या टेबलावर दोघे जण बाटली घेऊन बसले होते आणि त्यातला एक भावाला "ये रे बाला, ये," म्हणून बोलवायला लागला. बाबा अर्ध्या जेवणातून उठले. हात धुताना ते मला म्हणाले, "आईला सांगू नकोस." मी सांगितलं नाही. पण भावाने घरी पोचताच सांगितलं. आईने नुसतं ऐकून घेतलं.

शेवटी बाबांना मुंबई-पुणे हायवेवरचं एक बागेचं हॉटेल सापडलं. पुण्याकडे निघालेल्या गाड्या तिथे थांबायच्या. हिरवळीवर टेबलं होती, मुलांसाठी झोके आणि घसरगुंडी होती, काचेच्या पेटीत मासे होते. कुणी फॅमिली विचारत नव्हतं. भावाला ते इतकं आवडलं की शनिवारी संध्याकाळपासूनच तो चपला दारात लावून ठेवायचा. पुढची दोन वर्षं आम्ही बहुतेक तिथेच गेलो. बाबा झोका द्यायचे, भाऊ ओरडायचा, "अजून वर, अजून!" ते घामाघूम व्हायचे. मला त्या दिवसांत कधीकधी वाटायचं की आपलं काही बिघडलेलंच नाही.

भावाला आठवं लागलं त्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी त्याने हट्ट धरला. "आई, तू पण चल. सगळ्यांच्या आया येतात तिथे."

"मला जमणार नाही रे."

"मग मी पण नाही जाणार. केक पण नको."

तो खरंच जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई आजोबांना म्हणाली, "मी जाऊन येते." आजोबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली घेतलं नाही. "तू ठरव," म्हणाले.

आई शाळेत नेसायची तीच निळी साडी नेसून निघाली. बाबा आळीच्या तोंडाशी होते. तिला बघून ते दोन पावलं पुढे आले आणि थांबले. रिक्षात आई आणि आम्ही मागे बसलो, बाबा पुढे ड्रायव्हरच्या शेजारी, अर्धे बाहेर. भाऊ सगळा वेळ गात होता.

हॉटेलात बाबांनी कडेचं, झाडाखालचं टेबल मागितलं. आई बसली आणि भावाने बाबांना ओढून तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

"तुला साधा डोसा ना? कडक?" बाबांनी विचारलं.

"चालेल," आई म्हणाली.

भावाने मेणबत्ती फुंकली. केकचं क्रीम त्याच्या नाकाला लागलं आणि आई हसली. तिचं हसणं मी फार दिवसांनी ऐकलं. बाबांनीही ते ऐकलं. ते टेबलावरचं मीठ उगाच इकडून तिकडे सरकवत होते. मग एकदम म्हणाले, "घराला रंग लावून घेतला. आणि ओटा तोडून नवीन केला. तुला वाकावं लागायचं ना, पाठ दुखायची. आता उंच केलाय."

आई कागदी रुमालाची घडी घालत होती. ती घडी घालून झाली, मग तिने ती उलगडली.

"किती उंच केलात?" तिने विचारलं.

एवढंच विचारलं तिने. पण बाबांचा चेहरा उजळला. मला वाटलं, आता आपण इथून थेट नवीन पनवेलला जाणार. बाबांना बहुधा आणखी काहीतरी मागवावं, साजरं करावं असं वाटलं. ते अर्धवट वळले आणि वेटरला बोलवायला त्यांनी झटकन हात वर केला.

आईने डोळे घट्ट मिटले. तिची मान खांद्यात गेली आणि कोपर चेहऱ्यासमोर आलं. तिच्या हाताने स्टीलचा पेला उडाला, पाणी भावाच्या ताटलीत, केकवर सांडलं. हे सगळं क्षणात झालं. वेटर दुरून "येतो साहेब," म्हणत होता आणि बाबांचा हात अजून वरच होता.

मग त्यांनी तो खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

"मी वेटरला..." ते म्हणाले.

"माहीत आहे," आई म्हणाली. तिने पदराने टेबल पुसायला घेतलं. "मला माहीत आहे तुम्ही वेटरला बोलवत होतात. माहीत असून झालं. म्हणून सांगते, नाही जमायचं."

"मी पुन्हा कधीही..."

"तुमचं नाही म्हणत मी. माझंच नाही जमायचं आता."

वेटर आला. कुणी काही मागवलं नाही. भाऊ ओला केक बघत होता आणि मग रडायला लागला. आईने त्याला जवळ घेतलं. बाबा उठून माशांच्या पेटीकडे गेले आणि पाठमोरे उभे राहिले. येताना आम्ही तिघंच रिक्षाने आलो.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना तळ्याच्या काठाशी भावाने मला विचारलं, "आई बाबांना का घाबरली?" त्याला ते आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आई शाळेच्या सोयीसाठी आजोबांकडे राहते असं तो समजत होता. मी त्याला खरं ते सांगितलं. तो पाण्यात खडे टाकत होता, ते त्याने थांबवलं नाही.

पुढच्या रविवारी तो आमच्याबरोबर आला, पण झोक्यावर बसला नाही. खायलाही काही घेतलं नाही. बाबांनी त्याच्यासमोर आइस्क्रीम ठेवलं, ते वितळून कपात पातळ झालं.

"खा रे," बाबा म्हणाले.

"मला घरी जायचंय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. त्यांनी त्याला समजावलं नाही, काही कारणही सांगितलं नाही. त्यांनी आम्हाला रिक्षाने आळीच्या तोंडाशी आणून सोडलं. मग तो येईनासाच झाला. बाबा आळीशी येऊन उभे राहायचे आणि हा मोरीत जाऊन कडी लावून घ्यायचा. आई त्याला म्हणायची, "जा, तुझे वडील आहेत ते." तो आतून नळ सोडायचा.

मी मात्र जात राहिले. का, ते मला सांगता येणार नाही. आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. आता बाबा वेटरला हाक मारत नसत, तो आपणहून येईपर्यंत थांबायचे, कधीकधी फार वेळ. आमच्यात बोलायला फारसं काही उरलं नव्हतं. ते बंदराच्या गोष्टी सांगायचे, किती मोठी जहाजं, कुठून आलेली. मी "हो का?" म्हणायचे.

त्याच काळात जागाही संपत गेल्या. बंदराचे ट्रेलर रात्रंदिवस पनवेलमधून जायला लागले आणि हॉटेलवाल्यांना ड्रायव्हरांचं गिऱ्हाईक परवडायला लागलं. उडप्याने वरची फॅमिली रूम काढून तिथे परमिट रूम केली. बागेच्या हॉटेलातही संध्याकाळी बाटल्या दिसू लागल्या, झोके काढून तिथे गाड्या लावायला जागा केली. एका रविवारी दुपारी आम्ही चार ठिकाणी गेलो आणि चारही ठिकाणी बाबा दारातूनच परत फिरले. "इथे तुला नेता येत नाही गं," प्रत्येक वेळी म्हणाले. शेवटी आम्ही गाडीवरची भेळ घेतली आणि उभ्याने खाल्ली. मी तेव्हा नववीत होते. बाबा मला वयस्क वाटले.

त्यानंतर त्यांनी गुजरातमधल्या एका बंदरावर बदली मागून घेतली. जाण्याआधी घटस्फोटाच्या कागदांवर दोघांच्या सह्या झाल्या आणि नवीन पनवेलचं घर त्यांनी भाड्याने दिलं. दिवाळीला यायचे, कधी मे महिन्यात. मग तेही कमी झालं.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी ते आले आणि मला एका थाळीच्या हॉटेलात घेऊन गेले. ही जागा नवीन होती, सुकापूरच्या रस्त्याला, स्वच्छ आणि गार. आजूबाजूला नोकरदार माणसं बायका-मुलांना घेऊन बसली होती. बाबा बराच वेळ आमटीत चमचा फिरवत राहिले.

"मी लग्न करतोय," ते म्हणाले. "तिकडचीच आहे. नवरा वारलाय तिचा."

"बरं," मी म्हटलं.

"तुला वाईट वाटलं का?"

मी पापड मोडला. मग मी विचारलं, "तिला माहीत आहे?"

"काय?"

"आईचं."

त्यांनी भात कालवायला घेतला. तो केव्हाच कालवून झाला होता. "पटलं नाही म्हणून वेगळे झालो, एवढं सांगितलंय."

"सांगणार आहात?"

"सांगून काय होणार आहे?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते खरोखरच मला विचारत होते. आम्ही जेवलो. वाढणारा श्रीखंड घेऊन आला, बाबांनी मला आग्रह केला. मी घेतलं.

घरी आले तेव्हा आई मेथी निवडत होती. आजोबा त्याआधीच गेले होते, घरात आम्ही तिघंच होतो. मी तिला बाबांच्या लग्नाचं सांगितलं. तिने मान डोलावली. दोन-तीन काड्या निवडल्या.

"तिला सांगितलंय त्यांनी?"

"नाही."

आईच्या हातातली जुडी तशीच राहिली. घर सोडताना ती रडली नव्हती, त्या वाढदिवसालाही नाही. आता ती भिंतीला टेकली आणि तोंडावर पदर धरून रडायला लागली, जिला तिने पाहिलंही नव्हतं त्या बाईसाठी. मी शेजारी बसले. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण ठेवला नाही.

भाऊ क्रिकेट खेळून आला, दारात थांबला, आमच्याकडे बघितलं आणि काहीही न विचारता मोरीत हातपाय धुवायला गेला. आईने डोळे पुसले. मेथी तशीच सुपात ठेवून तिने कुकर लावला.