राहिलेलं दुतियम्पि

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातला नाही. आम्ही डोंबिवलीचे बौद्ध, घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा. कुणाच्या अंगात आलं म्हणून कळलं की पप्पा म्हणायचे, "आधी ताप बघा त्याचा." त्यात मी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात क्वालिटी तपासणीला. जे मापता येत नाही ते पास करायचं नाही, ही माझी नोकरी. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहितो.

पप्पा वर्षानुवर्षं आमच्या विहारात वंदना घ्यायचे. ते ओळ म्हणणार, मागून सगळे म्हणणार. आवाज असा खणखणीत की माईक नुसता नावाला. त्रिशरण, म्हणजे 'बुद्धं सरणं गच्छामि', तीनदा म्हणतात — दुसऱ्या फेरीला आधी 'दुतियम्पि' लावायचं, तिसऱ्या फेरीला 'ततियम्पि'. लहानपणी मला खेळायला पळायची घाई, म्हणून मी दुतियम्पि गाळून थेट ततियम्पिवर उडी मारायचो. की पप्पा भर विहारात ओरडायचे, "मधलं स्टेशन खाल्लंस!" सगळे हसायचे, मी चिडायचो.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय थोडे सावरले, वाचा मात्र गेली ती गेलीच. एवढं बोलणारा माणूस... घर खायला उठायचं.

यंदा बुद्धपौर्णिमेला त्यांनी कॅलेंडरवरच्या लेण्यांच्या फोटोवर बोट आपटून आपटून कान्हेरीचा हट्ट धरला. त्यांची लाडकी जागा ती. "दोन हजार वर्षांपूर्वी आपले कल्याणचे व्यापारी या डोंगरावर दान द्यायला यायचे, दगडात नावं आहेत त्यांची. आणि तुम्हाला गाडीतून यायचा कंटाळा!" हे ऐकतच मी आणि माझी बहीण सुजाता मोठे झालो.

गेलो. पण पायऱ्या त्यांना झेपेनात. आई त्यांना घेऊन खाली, तिकीट खिडकीजवळच्या सावलीत बसली. त्यांनी माझा दंड धरला आणि वर बोट दाखवलं. म्हणजे, वंदना तू घे.

मोठ्या चैत्यगृहात स्तूपासमोर उभा राहिलो. सुजाताने मोबाईलवर शूटिंग सुरू केलं, पप्पांना दाखवायला. पांढऱ्या कपड्यांतली दोन-तीन अनोळखी कुटुंबंही मागे येऊन थांबली. पहिली फेरी नीट झाली. मग माझं लक्ष खाली बसलेल्या पप्पांकडे गेलं आणि मी म्हणालो, "ततियम्पि..."

"मधलं स्टेशन खाल्लंस!"

मागून. दाराकडून. पप्पांचा आवाज, आजारापूर्वीचा, तसाच खणखणीत.

मी गर्रकन वळलो. दारात कुणीच नव्हतं. सुजाताचा चेहरा पांढराफटक. मागची एक आजी शांतपणे म्हणाली, "बाळा, ते म्हणतायत तसं कर. दुतियम्पि राहिलं तुझं."

कशीबशी वंदना उरकली आणि आम्ही धावतच खाली आलो. आई रडत होती. "अरे, कुठे होतात तुम्ही? आत्ता यांनी केवढं तोंड उघडलं! मानेच्या शिरा ताणल्या, मला वाटलं आता बोलतात... पण नुसती हवा रे. आवाजच नाही आला."

मी तिथेच खाली बसलो. पप्पा माझ्याकडे बघून अर्ध्या तोंडाने हसत होते.

व्हिडिओ आम्ही शंभरदा पाहिला असेल. मी चुकतो, शांतता पसरते, मग सगळे एकदम मागे वळून बघतात. आजीचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं. पप्पांचा आवाज नाही. डॉक्टर म्हणाले, भास. बरं, भास... पण एकच भास आम्हा सगळ्यांना? त्या आजीला तर पप्पा कोण हेसुद्धा माहीत नव्हतं.

पप्पा आजही बोलत नाहीत. रविवारी विहारात वंदना मीच घेतो, ते पुढे खुर्चीत बसलेले असतात. लोकांना वाटतं मी अजून कच्चाच आहे. कारण कधी कधी मी दुतियम्पि मुद्दाम गाळतो... आणि थांबतो.