दोन धुण्यांनंतरचा निळा

उदगीर सोडलं त्या सकाळी अव्वानं, माझ्या आईनं, घागरीत उरलेलं पाणी शेजारच्या काकूंच्या हंड्यात ओतलं. दोन वर्षं टँकरपाशी दोघी याच पाण्यासाठी भांडल्या होत्या. काकू डोळ्यांना पदर लावत हंडा घेऊन आत गेल्या. अप्पांनी आमच्या कापडाच्या दुकानाला कुलूप घातलं, ओढून पाहिलं आणि आम्ही तिघं एसटी स्टँडकडे निघालो. पाऊस नव्हता, खेड्यापाड्यांत लग्नं होत नव्हती, कापड घेणार कोण? लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. "तिकडं नवी हापिसं आलीत," अप्पा म्हणाले. "पगारवाला मानूस कापड घेतोच."

स्वतःच्या गादीवर बसणारा माणूस लातूरला दुसऱ्याच्या दुकानात तागे उलगडायला उभा राहिला. मी सातवीत होते. शाळेचा ड्रेस म्हणजे पांढरा ब्लाउज आणि गडद निळा स्कर्ट. पहिल्या दिवशी तो घातला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. वर्गात इंजिनियरांच्या, कचेरीतल्या साहेबांच्या मुली होत्या. ड्रेसमध्ये त्यांच्यातला आणि माझ्यातला फरक कळत नव्हता. तोंड उघडलं की कळायचा, म्हणून मी कमी बोलायचे. पुढं शिक्षिका झाल्यावर गणवेशाच्या बाजूनं मी जे जे बोलले ते त्या सुटकेच्या जोरावर. ते खोटं नव्हतं.

माझ्या बाकावर सुमन बसायची. तीही आमच्याच उदगीरकडची. तिचे आईवडील नव्या कचेऱ्यांच्या बांधकामावर होते. तिच्या आईनं बाजारातून कापड आणून स्कर्ट शिवला होता. त्याचा निळा रंग किंचित फिका होता. शाळेनं कापड एकाच दुकानातून घ्यायला सांगितलं होतं, आणि ते दुकान म्हणजे अप्पा काम करत होते तेच. सुमनला तीन दिवस वर्गाबाहेर उभं केलं.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी अप्पांचा डबा घेऊन दुकानात गेले, तेव्हा सुमनची आई तो स्कर्ट घेऊन काउंटरपाशी उभी होती.

"अप्पा, उदगीरला तुमच्याच दुकानातनं लुगडी नेली की आमी. ह्यो रंग चालत न्हाई म्हनून राहिल्या बाई. आता नवं कुठून आनू?"

अप्पांनी स्कर्टची कड बोटांत धरली, ओली करून चोळून पाहिली. मालक बसल्या जागेवरून म्हणाले, "आपल्या कापडाशिवाय चालणार नाही म्हणून सांगा त्यांला." अप्पांनी सांगितलं नाही. ती बाई गेली तरी ते त्या चोळलेल्या बोटांकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपत होती. धोतर-टोपीतले अप्पा फाटकातून आले आणि सरळ मुख्याध्यापक बाईंपाशी गेले.

"बाई, मी कापडवाला मानूस हाय. तीस वर्षं ह्येच केलं. ह्या पोरीचं कापड चांगलं हाय. दोन धुनी होऊ द्या, दोन्ही निळे एकच दिसतेत." मग त्यांनी मला हाक मारली. "गिरिजे, इकडं ये. तिच्या बाजूला उभी राहा. बाईंना बघू दे."

सगळी शाळा बघत होती. मी गेले, उभी राहिले. माझा धुतलेला स्कर्ट खरंच सुमनच्या रंगाला आला होता. बाईंनी दोन्हीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "हे तुझे वडील का?"

"हो," मी म्हणाले. ते बाईंना तरी ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक.

"बसू दे तिला," बाई म्हणाल्या. "पण पुढच्या वर्षी नियमाप्रमाणं."

संध्याकाळपर्यंत गोष्ट दुकानात पोचली होती. मालकांनी अप्पांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. "दुसऱ्याच्या लेकीपायी आपलं घालवून बसलात," अव्वा रडत म्हणाली. अप्पांनी पाणी मागून घेतलं. "मालक कापडाबद्दल खोटं बोल म्हनून राहिले होते. मला न्हाई जमत."

मी पंधरा दिवस अप्पांशी बोलले नाही. त्यांना वाटलं, मला काळजी लागली. खरं म्हणजे मी कुणाची मुलगी, हे त्यांनी त्या बोलीत, त्या धोतरात सगळ्या शाळेला सांगून टाकलं होतं, त्याचा राग होता.

पुढच्या वर्षी सुमन वर्गात नव्हती. बांधकाम संपलं होतं, ती माणसं कुठं गेली कळलं नाही. त्या साली पाऊस झाला. अप्पा-अव्वांनी परत जाऊन दुकान उघडलं. मी शिक्षणासाठी लातूरच्या वसतिगृहात राहिले, मग डी.एड., मग नांदेडला नोकरी. उदगीर सुट्टीपुरतं उरलं.

नोकरी लागल्यावर पहिल्यांदा घरी गेले तेव्हा अप्पा जेवून हात पुसत होते. म्हणाले, "तुझ्या शाळेत ड्रेससाठी पोरींला बाहेर उभं करतेत का गं?"

त्याच आठवड्यात मी एका मुलीला तासभर व्हरांड्यात उभं केलं होतं. तिच्या स्वेटरचा रंग वेगळा होता. वरून हुकूम होता, माझी नोकरी नवी होती.

"न्हाई अप्पा," मी म्हणाले.

"बरं झालं," ते म्हणाले आणि दुकानाकडे गेले.

नंतरच्या नोकरीत मी कितीतरी मुलींना गुपचूप आत घेतलं आणि कितीतरी वेळा थकून नियमावर सोडून दिलं. गणवेश चांगला की वाईट, असं कुणी विचारलं तर आताही मला एका वाक्यात सांगता येत नाही.

अप्पा गेले, अव्वा गेली. घरात आता चुलतभाऊ राहतो. "ताई, आपलंच घर हाय, ये की," तो फोनवर म्हणतो. मी जाते. उंबऱ्याशी चप्पल काढताना दर वेळी वाटतं, आतून अप्पा तेच विचारतील आणि आज मी खरं सांगेन. मी थोडा वेळ तशीच उभी राहते. मग भावजय पाहुण्यांच्या कपात चहा घेऊन येते.