मागून उघडलेली वही

अमिरातीत, अल ऐनच्या त्या इंडियन स्कूलमध्ये कुंदाबाई खांबेटे गणिताच्या तासाला निघाल्या, की व्हरांड्यातला गलका आपोआप खाली बसायचा. सतरा वर्षं हेच चाललेलं. बाईंनी कधी हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. नुसतं चष्म्यावरून बघितलं, तरी दहावीतल्या मिसरूड फुटलेल्या पोरांची बोबडी वळायची. नवरा सूर्यकांत हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होता. तो चिडवायचा, "तुझ्या वर्गात डाससुद्धा परवानगी घेऊन चावत असेल." बाई हसायच्या. त्यांना ते आवडायचं, खोटं कशाला बोला!

रोज पहाटे दिवा लावून, स्तोत्र म्हणून त्या शाळेच्या बसला उभ्या राहत. शिकवणं हीच माझी पूजा, असं मनापासून म्हणत. या पूजेत देवाला तोंड उघडायची मुभा नव्हती, एवढंच.

कारण बाईंचा एक नियम होता. तपासलेला पेपर हातात पडला, की मार्कांसाठी टेबलाशी यायचं नाही. आलात तर पाच मार्क कमी. "हा काय भाजीबाजार आहे घासाघीस करायला?" एका वर्षी पालकांनी अर्ध्या अर्ध्या मार्कासाठी जीव खाल्ला होता, तेव्हापासूनचा हा नियम. पाच मार्क खरोखर कापायची वेळ कधी आलीच नाही. कोणी टेबलाशी फिरकलंच नाही.

२००१चा ऑक्टोबर होता. दहावीची सहामाही झालेली, आणि बोर्डाचे फॉर्म बुधवारी दुपारी एकच्या कुरियरने जायचे होते. त्या शाळेत एक रीत होती. सहामाहीला गणितात जो नापास, त्याचा फॉर्म प्रिन्सिपॉलसाहेबांच्या ड्रॉवरमध्येच राहायचा. पुढच्या वर्षी बघू म्हणायचे. बोर्डाचा निकाल शंभर टक्के लागायचा तो असा, फुकट नाही!

त्या वर्षी ड्रॉवरमध्ये एकच फॉर्म राहिला, नूरजहाँचा. मुलगी कोकणातली, खेडकडची, गप्प, मागच्या बाकावरची. बाप शेतांवर पाण्याचा टँकर चालवायचा. त्याचा व्हिसा जूनमध्ये संपत होता आणि सगळं बिऱ्हाड कायमचं गावी चाललं होतं. म्हणजे हिला 'पुढचं वर्ष' नव्हतंच. सोमवारी तो माणूस ऑफिसात टोपी हातात धरून अर्धा तास उभा होता. साहेब म्हणाले, "खलास, लिस्ट फायनल झाली." तो खाली मान घालून निघून गेला. बाईंनी ते दारातून पाहिलं होतं. वाईट वाटलं, पण शंभरात एकवीसला काय करणार?

बुधवारी पावणेबारा वाजता बाई स्टाफरूममध्ये बसल्या होत्या. शेजारी अरबीच्या टीचर वह्यांचा ढीग तपासत होत्या. त्यांनी मागितली म्हणून बाईंनी एक वही उचलली, सवयीने उघडली, तर आत कोरी पानं.

"हिने काहीच लिहिलं नाही की," बाई म्हणाल्या.

अरबीच्या टीचर खळखळून हसल्या. "कुंदा! सतरा साल हो गया! इधर से नहीं, उधर से!" आणि त्यांनी वही उलटी करून, अरबी लिहितात तशी उजवीकडून उघडली. पानं गच्च भरलेली.

बाईंना गेल्या आठवड्यातला वर्ग आठवला. नूरजहाँच्या हातात पेपर देताना त्या म्हणाल्या होत्या, "एवढी पानं कोरी? झोपली होतीस का?" पोरीने पेपर हातात घेतला होता, उलटा केला होता, तोंड उघडलं होतं आणि मिटलं होतं. उलटा केला होता!

त्यांनी धडपडत कपाट उघडलं, दाखवून परत घेतलेल्या पेपरांचा गठ्ठा ओढला, सुतळी सुटेना म्हणून दाताने तोडली. नूरजहाँचा पेपर. मध्ये कोरी पानं, त्यांवर बाईंच्याच हातची लाल तिरपी रेघ. शेवटच्या पानापासून उलटं लिहीत आलेली अख्खी भूमिती. आकृत्या पट्टीने आखलेल्या, सिद्धता नेटक्या. बाईंनी उभ्याउभ्याच तपासायला घेतलं. चौदा. एकवीस आणि चौदा, पस्तीस. पास व्हायला तेहेतीस लागत होते.

बारा वाजून दहा मिनिटं.

नूरजहाँला व्हरांड्यात बोलावलं. "हे मागून का लिहिलंस?"

"जॉमेट्री सेपरेट ठेवायची होती, मॅम. हात अरेबिकसारखा गेला."

"अगं मग मला सांगायचं नाही? तुझं वर्ष वाया चाललं होतं!"

पोरीने एकदाच वर बघितलं. "पाच मार्क कट झाले असते, मॅम."

एवढंच बोलली ती, तेही तक्रार म्हणून नव्हे. बाईंना कोणी थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं. सतरा वर्षं जी शिस्त म्हणून मिरवली, ती नुसती भीती होती, आणि या पोरीने त्या भीतीपायी आपलं वर्ष मुकाट्याने सोडून दिलं होतं. स्वतःचीच लाज वाटली त्यांना.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी पेपर पाहिला, घड्याळ पाहिलं. "मिसेस खांबेटे, लिस्ट इज लिस्ट. उद्या सगळे पालक पेपर घेऊन येतील. आणि ही मार्चमध्ये उडाली तर शंभर टक्क्यांचं काय?"

"ती उडाली तर माझं नाव सांगा."

"रायटिंगमध्ये द्यावं लागेल. तुमच्या फाइलला लागेल. मार्चमध्ये तुमच्या नोकरीच्या कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल आहे, विसरू नका."

"कागद द्या," बाई म्हणाल्या.

लिहायला घेतलं आणि हात अडला. सतरा वर्षांत त्यांच्या फाइलला एक डाग नव्हता. मग त्यांनी सरळ लिहिलं: 'मी विद्यार्थिनीला तिचा पेपर पूर्ण न तपासता नापास केले. चूक सर्वस्वी माझी आहे.' खाली पूर्ण नावाची सही ठोकली. साहेबांनी सुस्कारा टाकला, ड्रॉवर उघडला आणि फॉर्म पाकिटात सरकवला. कुरियरवाला दारात "यल्ला, यल्ला" अशी घाई करत उभाच होता. बाई खिडकीशी उभ्या राहिल्या आणि गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत हलल्या नाहीत.

शेवटचा तास दहावीचाच होता. बाईंनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि फळ्याशी न जाता वर्गासमोर उभ्या राहिल्या. "माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. काय चूक, ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "तो पाच मार्कांचा नियम आजपासून रद्द. पेपर घ्या. माझी चूक दिसली तर टेबलाशी या."

कोणी हलेना. मग काव्या भीत भीत उठली, क्वेश्चन फोरचा एक मार्क बेरजेत धरलाच नव्हता. मग शार्दूल उठला. मग आणखी तिघं. बाई खाली मान घालून दुरुस्त करत राहिल्या. सतरा वर्षांत किती पोरं अशीच गप्प बसून घरी गेली असतील, हा हिशोब त्यांना करवेना. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

घंटा झाली. वर्ग रिकामा होताना नूरजहाँ टेबलाशी आली. पहिल्यांदाच. पेपर मागून उघडून तिने एका सिद्धतेवर बोट ठेवलं.

"मॅम, ही शेवटची स्टेप माझी राँग आहे. तुम्ही दोन मार्क जास्त दिलेत."

बाईंनी बघितलं. बरोबर होतं पोरीचं. घाईत टिक मारली गेली होती. पस्तीस वजा दोन. त्यांचा हात क्षणभर थांबला.

"मी टोटल केली, मॅम," नूरजहाँ म्हणाली. "तेहेतीस होतात. पुरतात ना?"

"पुरतात," बाई म्हणाल्या. त्यांनी दोन मार्क कापले, तेहेतीस लिहिले आणि खाली सही केली. मग बाजूची खुर्ची ओढली. "बस. ती शेवटची स्टेप आपण दोघी मिळून करू."