आभारप्रदर्शन

काळजी करण्याची जागतिक स्पर्धा कोणी भरवली, तर माझे चुलत सासरे पहिल्या फेरीतच सुवर्णपदक पटकावतील आणि व्यासपीठावरून उतरण्याआधीच ते पदक कुठेतरी हरवणार म्हणून घाबरे होतील. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. जर्मनीत, ब्योब्लिंगेनजवळच्या एका मोटारींच्या कारखान्यात ब्रेक तपासण्यात त्यांची उभी हयात गेली. पुढची गाडी थांबणार नाही, हे गृहीत धरून जगायची सवय त्यांना तिथेच लागली असावी. या भागात इमारतीचा जिना झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने फिरते, तिला केरवोखे म्हणतात. पाळीची पाटी आपल्या दारावर आहे की काढली आहे, हे बघायचं नजरचुकीने राहून जाईल या भीतीने काका शेजारणीच्या आठवड्यातही जिना झाडतात. शेजारीण आता झाडू कुठे ठेवलाय हेही विसरली आहे. काका कचरा टाकायला गेले की प्लास्टिकच्या पिवळ्या डब्यासमोर दह्याचा रिकामा डबा हातात धरून असे उभे राहतात, की येणारेजाणारे जर्मन लोक त्यांच्या सांत्वनाला थांबतात.

अशा माणसाचं दैवत कोण असावं? एखादा शांत साधुपुरुष म्हणाल तर नाही. काकांचं दैवत म्हणजे अमेरिकेचा तो उंच, दाढीवाला, खप्पड गालांचा राष्ट्राध्यक्ष, ज्याने घरातल्या घरात पेटलेल्या युद्धात देश सांभाळला आणि गुलामगिरी संपवण्याची सही केली. त्याचा फोटो त्यांच्या बैठकीत, देव्हाऱ्याच्या बरोब्बर समोर आहे. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने एकदा विचारलं, हे तुमचे वडील का. काकांनी "आल्झो…", म्हणजे 'तर मग…', एवढंच म्हणून लांबलचक विचार केला, पण नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं. काकूंनी तर एका सर्वपित्रीला त्या फोटोसमोरही पान वाढलं. "रोज बघतो तोंड त्यांचं, उपाशी कसं ठेवायचं?" असं त्यांचं म्हणणं.

काकांचा प्रत्येक निर्णय या अध्यक्षांच्या सल्ल्याने होतो. त्यांनी आपल्या विरोधकांनाच मंत्रिमंडळात घेतलं होतं, म्हणून पार्किंगच्या जागेवरून भांडलेल्या शेजाऱ्याला काकांनी पोहे खायला बोलावलं. शेजारी पोहे खाऊन गेला आणि गाडी पुन्हा तिथेच लावली. अध्यक्ष रागाच्या भरात पत्र लिहीत आणि न पाठवता ड्रॉवरमध्ये ठेवून देत, म्हणून काकाही तसंच करतात. घरातलं हीटिंग बिघडलं तेव्हा त्यांनी व्यवस्थापन कंपनीला अस्सल जर्मनमध्ये असं झणझणीत पत्र लिहिलं, की वाचून मलाच घाम फुटला. पत्र ड्रॉवरमध्ये गेलं आणि काका-काकूंनी सगळा हिवाळा स्वेटर घालून काढला.

त्यांची सर्वांत लाडकी गोष्ट सहीची. गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा समोर आला तो नववर्षाचा दिवस होता. सकाळभर शेकडो लोकांशी हस्तांदोलन करून अध्यक्षांचा हात भरून आला होता आणि थरथरत होता. त्यांना चिंता पडली ती एवढीच, की सही वाकडी आली तर लोक म्हणतील हा कचरला. मग थांबले, हात सावरला आणि सावकाश सही केली. "बघा जावईबापू," काका दर वेळी म्हणत, "एवढा मोठा माणूस. पण हाताची काळजी त्यालाही होती. गेनाऊ, अगदी माझ्यासारखी." मी मान डोलवायचो आणि मनातल्या मनात हसायचो.

अध्यक्षांचं सर्वांत गाजलेलं भाषण अगदी छोटं होतं, म्हणून काकाही भाषण छोटंच करत. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात आभारप्रदर्शन कायम त्यांच्याकडे असे, कारण त्यानंतर लगेच जेवण असतं आणि दुसऱ्या कोणाच्या हाती माईक दिला तर वरणभात गार होतो. त्या वर्षी जेवण एका हॉटेलवाल्या शेठजींकडून होतं. ते मंडळाचे मोठे आश्रयदाते, शिवाय प्रमुख पाहुणेही तेच. त्यांच्या हॉटेलात सदाभाऊ नावाचे आचारी होते, सांगलीकडचे. काका शनिवारी त्यांच्याशी गावाकडच्या गप्पा मारायला हॉटेलच्या मागच्या दाराशी जात. तिथेच त्यांना कळलं, की सदाभाऊंच्या लेकीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच आहे आणि सदाभाऊंचा पासपोर्ट त्यांच्याकडे नाही. इथे आल्या दिवशीच शेठजींनी तो 'सांभाळायला' म्हणून घेतला आणि कपाटात कुलपाआड ठेवला. मागितला की म्हणत, बघू, सीझन संपू दे.

काकांची झोप उडाली. परदेशी कामगारांच्या सल्ला केंद्रात जाऊन त्यांनी विचारलं. दुसऱ्याचा पासपोर्ट असा ठेवता येत नाही, हे तिथे स्वच्छ सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा गेले, उत्तर बदललंय का ते बघायला. पोलिसांकडे जायला सदाभाऊ तयार नव्हते. इथे राहण्याचा परवाना याच नोकरीवर होता, नोकरी गेली तर पुढे काय, या विचाराने त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग काकांनी शेठजींना पत्र लिहिलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा ठेवलं. मी तिथेच चहा पीत बसलो होतो. काकूंनी भाजी चिरता चिरता विचारलं, "अहो, तुमच्या अध्यक्षांनी तो जाहीरनामापण ड्रॉवरमध्येच ठेवला होता का?"

"ठेवला होता ना. काही महिने. लढाईत जरा यश येईपर्यंत."

"मग काढला ना बाहेर?"

"काढला," काका म्हणाले आणि उठून फोटोपाशी गेले. मला त्या वेळी त्यांची काळजी वाटली, तशी पूर्वी कधी वाटली नव्हती.

सगळ्यांसमोर बोललो तर चालेल का, असं त्यांनी आधी सदाभाऊंना विचारलं. सदाभाऊ म्हणाले, "बोला तुम्ही, काका. व्हायचं ते होईल. मी मागे दारापाशी उभा राहतो." गणेशोत्सवाच्या दिवशी आरती झाली, लहान मुलांचे नाच झाले, शेठजींचं लांबच लांब भाषण झालं आणि काका माईकपाशी आले. हातातला कागद इतका फडफडत होता, की त्याचा आवाज माईकमधून येत होता. हॉलचे आभार, साउंडवाल्याचे आभार, स्वयंसेवकांचे आभार. प्रत्येक नावाला टाळ्या. मग म्हणाले, "शेवटी शेठजींचे आभार." शेठजी रिवाजाप्रमाणे हात जोडून अर्धे उठले. "आपले सदाभाऊ लेकीच्या लग्नाला गावी निघालेत. त्यांचा पासपोर्ट शेठजींनी आजवर सांभाळला आणि आज गणपतीसमोर तो ते परत देत आहेत, याबद्दल मंडळ त्यांचं ऋणी आहे."

आमच्या लोकांना आभाराला टाळ्या वाजवायची इतकी सवय, की आधी कडकडाट झाला आणि अर्थ नंतर डोक्यात शिरला. शेठजींचे हात जोडलेलेच राहिले. ते हसत म्हणाले, "अहो, तो हॉटेलात आहे." काका म्हणाले, "हॉटेल जवळच आहे. आम्ही थांबतो. जेवण त्यानंतर." भुकेलेला मराठी माणूस कोणाकडे कसा बघतो, ते शेठजींना त्या दिवशी कळलं. मीच त्यांना गाडीने नेऊन आणलं. परत आल्यावर पासपोर्ट त्यांनी काकांच्या हातात ठेवला आणि जेवायला न थांबता निघून गेले. काकांनी तो मागे दारापाशी सदाभाऊंना नेऊन दिला.

सदाभाऊ लग्नाला जाऊन आले. त्यांची नोकरी मात्र गेलीच. नवी मिळेपर्यंतचे महिने फार वाईट गेले. परदेशी लोकांच्या परवान्यांच्या कचेरीत काका त्यांच्याबरोबर तासन्‌तास बसत आणि घरी आल्यावर फोटोसमोर फेऱ्या मारत, आपण या माणसाचं भलं केलं की वाटोळं केलं, असं काकूंना विचारत. अखेर कोलोनला एका स्वयंपाकघरात सदाभाऊंना काम मिळालं. मंडळाला दुसरा आश्रयदाता शोधावा लागला. त्यानंतर आभारप्रदर्शनाला काकांना कोणी बोलावलेलं नाही. याबद्दल ते एका शब्दाने कुरकुरत नाहीत.

काकांचा हात आता कायमच थोडा थरथरतो. काकू त्यांना चहा अर्धा कप देतात. मी गेलो की त्यांचा प्रश्न ठरलेला: "जावईबापू, त्या दिवशी कागद फार हलत होता ना? लोकांना वाटलं असेल, हा घाबरला." कोणाच्या लक्षातही आलं नाही, असं मी सांगतो. त्यांना ते पटत नाही आणि मला या माणसाबद्दल फार माया वाटते.

परवा कोलोनला सदाभाऊंना भेटलो, तेव्हा सहज विचारलं, पासपोर्ट देताना काकांचा हात थरथरत होता का हो? सदाभाऊ कढईतला झारा बाजूला ठेवून आठवू लागले.

"नाही सांगता येणार," ते म्हणाले. "माझाच हात इतका थरथरत होता, की पासपोर्ट खाली पडू नये म्हणून काकांनीच माझ्या हाताला हात लावून धरला होता."