न पाहिलेला गोल

मधुसूदन पांढरीपांडे वणीच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, पण राजूरला जाऊन या नावाची चौकशी केली तर कुणी ओळखणार नाही. तिथे ते नुसते रेफ्रीकाका. राजूर हे कोळशाच्या खाणीचं गाव. खाणीतल्या माणसांना फुटबॉलचं वेड तीन पिढ्यांपासूनचं, आणि दर जानेवारीत तिथल्या मैदानावर जी स्पर्धा होते तिचा अंतिम सामना सव्वीस वर्षं मधुसूदनरावांच्याच शिट्टीवर झाला. मैदानही काळंच. सामना संपला की दोन्ही संघ आणि रेफ्री एकाच रंगाचे होऊन घरी जातात.

माणूस हाडाचा कारकून. फाइलवर एकदा शेरा मारला की मारला, त्यावर खाडाखोड नाही, ही कचेरीतली शिस्त त्यांनी मैदानावर जशीच्या तशी आणली होती. शिट्टी वाजली म्हणजे वाजली. खेळाडू अंगावर धावून आले तरी हे दोन्ही हात पाठीमागे बांधून आभाळाकडे पाहत उभे राहायचे. घरी मात्र पत्नी रत्नप्रभाबाई म्हणायच्या, "ती शिट्टी चपलांजवळ काढून ठेवत जा. इथे तिचं काही काम नाही." आणि खरंच नव्हतं.

या सगळ्या दबदब्यात एक खोट होती आणि ती फक्त त्यांनाच माहीत होती. २००९ च्या अंतिम सामन्यात राजूरचा एकोणीस वर्षांचा गोपाल एकटाच पुढे निसटला आणि त्याने गोल मारला. मधुसूदनरावांनी ऑफसाइडची, म्हणजे पास सुटायच्या आधीच तो बचावफळीच्या पुढे होता अशी, शिट्टी दिली. गोल गेला, सामना गेला. कोळसा कंपनीच्या संघासाठी पोरं निवडायला आलेले प्रशिक्षक दुसऱ्याच दोघांची नावं लिहून घेऊन गेले. गोपाल तेव्हापासून सांगत आला की तो ऑफसाइड नव्हता. मधुसूदनराव सांगत आले की होता. खरी गोष्ट अशी की चेंडू सुटला तेव्हा ते बरेच मागे राहिले होते, त्यांना दम लागला होता आणि त्यांनी काहीही पाहिलं नव्हतं. पोरगा इतका मोकळा दिसतोय म्हणजे ऑफसाइडच असणार, असा हिशेब करून त्यांनी शिट्टी फुंकली होती.

गोपालने पुढे गावातच मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज टाकलं, संसार थाटला, स्पर्धेच्या समितीचा अध्यक्षही झाला. मधुसूदनरावांशी तो कधी उद्धट वागला नाही. दर वर्षी निमंत्रण द्यायला स्वतः वणीला यायचा, चहा घ्यायचा आणि उठता उठता म्हणायचा, "काका, त्या दिवशी मी ऑफसाइड नव्हतो बरं." जणू घराच्या कराची आठवण करून देतोय.

गेल्या दिवाळीनंतर तो आला तो नवीच टूम घेऊन. यंदा कॅमेरा लावायचा. परदेशातल्या सामन्यांत रेफ्री टीव्ही पाहून निर्णय बदलतात, तसं इथेही करायचं. प्रत्येक कॅप्टनला सामन्यात एकदा कॅमेरा मागता येईल.

"तिकडे भांडणं मिटली का त्याने?" मधुसूदनराव म्हणाले. "आधी एकाच रेफ्रीला शिव्या पडायच्या, आता टीव्हीपुढे बसलेल्यालाही पडतात. पडद्यावर पोरांच्या काखेला रेघा ओढून ऑफसाइड ठरवतात. तो काय खेळ झाला?"

"पन पाहून तं ठरवतात ना, काका?" गोपाल म्हणाला.

हे बोलणं त्यांना झोंबलं. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, खर्च काढला, ऊन काढलं. गोपाल सगळ्याला हो म्हणाला आणि समितीत ठराव करून मोकळा झाला. मधुसूदनरावांना खेळाच्या शुद्धतेची काळजी नव्हती, हे कबूल केलेलं बरं. त्यांना भीती एवढीच होती की कॅमेऱ्याने एकदा जरी त्यांना खोटं पाडलं, तरी २००९ चंही लोक आपोआप ठरवून टाकतील. सव्वीस वर्षांत कमावलेलं नाव एका रिळात जाईल.

कॅमेऱ्यासाठी राजकुमारला आणलं. वणी तालुक्यातल्या निम्म्या लग्नांचं शूटिंग त्याचंच, त्यामुळे माणूस पारखलेला, असं समितीचं मत. मंडपात टेबलावर टीव्ही ठेवला, पडद्यावर ऊन पडू नये म्हणून वर काळी छत्री बांधली. उपांत्य फेरीपर्यंत कुणी कॅमेरा मागितलाच नाही. टीव्हीवर लोक स्वतःची तोंडं पाहून खूश होते.

अंतिम सामना राजूर आणि नेर यांच्यात लागला. शेवटची पाच मिनिटं उरली तरी गोल नाही. तेवढ्यात राजूरच्या पोराने लांबून फटका हाणला, चेंडू वरच्या दांडीवर आदळून खाली आला आणि उसळून बाहेर गेला. मधुसूदनरावांच्या पुढे चार पोरं आडवी होती. त्यांना चेंडू दांडीला लागलेला दिसला, पुढचं दिसलं नाही. राजूरच्या पोरांनी हात वर केले, मैदान ओरडलं, आणि त्यांचा हात शिट्टीकडे गेला तो गेलाच. गोल! नेरचा कॅप्टन धावत आला आणि त्याने कॅमेरा मागितला.

मंडपात टीव्हीभोवती ही गर्दी. एका बाजूला गोपाल, दुसऱ्या बाजूला मधुसूदनराव. राजकुमारने चित्र मागे घेतलं. राजूरच्या पोराने पाय उचलला, चेंडू सुटला, आणि तेवढ्यात सगळं मैदान सर्रकन बाजूला सरकून पडद्यावर उशिरा आलेले प्रमुख पाहुणे उगवले. शाल, श्रीफळ, हार. कुणीतरी त्यांची शाल नीट करत होतं. कॅमेरा परत मैदानावर गेला तोवर राजूरची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली होती.

कुणाचाच विश्वास बसेना, म्हणून तीनदा लावून पाहिलं. तिसऱ्या वेळी पाहुणे स्वतः पाहायला आले आणि समाधानाने परत जाऊन बसले.

"माइकवर नाव पुकारलं की माहा हात आपोआपच वळते, भाऊ," राजकुमार कसनुसा होऊन म्हणाला. "लग्नात सत्कार सुटला तं लोक वर्षभर बोलतात."

त्याला काय बोलणार? सामना ऐन रंगात असताना सत्कार उरकून घेणारेही आपणच. लोक हसू लागले आणि हसता हसता कुणीतरी ओरडलं, "काकाचीच शिट्टी खरी!" ते वाक्य पाहता पाहता सगळ्या मंडपाने उचललं. गोपालने कपाळाला हात लावला. मग तो मधुसूदनरावांकडे वळला.

"जाऊ द्या, काका. मी उगाच कॅमेऱ्याच्या नादी लागलो. तुमी शिट्टी देली, गोल झाला. आन त्या दिवशीबी तुमचंच बरोबर असन. चाला, खेळ सुरू करा."

गोल त्याच्याच गावाचा होता, तेव्हा हे शहाणपण त्याला फायद्यातच सुचलं होतं, हे मधुसूदनरावांना कळत होतं. पण सोळा वर्षं जे ऐकायला कान आसुसले होते तेच हे. नेरच्या कॅप्टनकडेही पुरावा नव्हता. नुसती मान हलवून मैदानात गेलं की दोन्ही शिट्ट्या कायमच्या खऱ्या झाल्या असत्या. ते दोन पावलं गेलेही. आणि मग त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी सरळ, भर मंडपात.

"गोपाल, मला गोल दिसला नाही."

"म्हंजे?"

"चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, मी पाहिलंच नाही. तुमच्या पोरांचे हात पाहून शिट्टी दिली. हा गोल मला देता येणार नाही." ते थांबले. "आणि तुझा ऑफसाइडही मी पाहिला नव्हता. मी फार मागे होतो. अंदाजाने वाजवली."

गोपाल आता शिवी देईल, निदान आवाज चढवेल, अशी मधुसूदनरावांची तयारी होती. त्याने बाजूची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि तो खाली बसला. छत्रीखालच्या टीव्हीकडे त्याने एकदा पाहिलं.

"सोळा वर्सं झाले, काका," तो हळूच म्हणाला. "दर साली चहा प्याले येत होतो. हे येवढंच सांगतलं असतं, तं म्या कॅमेरा कायले आनला असता?"

मधुसूदनराव मैदानात गेले, गोल रद्द केला, नेरच्या गोलकीपरच्या पुढ्यात चेंडू टाकून खेळ सुरू केला. राजूरकरांनी त्यांच्या सात पिढ्या उद्धारल्या. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. खुर्चीत बसलेल्या त्या माणसाकडे मात्र सामना संपेपर्यंत त्यांना पाहवलं नाही.