जादा मिठाची धुलाई

बरकतपुऱ्याच्या डॉ. मकरंदांच्या घराण्यात चार पिढ्या सरकारी अधिकारीच झाले, त्यामुळे आपलंही चुकू शकतं ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. एका संशोधन संस्थेत ते प्रथिनांवर काम करत. हाताखाली तंत्रज्ञ बुद्धभूषण, काचीगुड्याचा. आजोबा नांदेडकडून आलेले. नाव लांब पडतं म्हणून सर नुसतं ‘भूषण’ म्हणत.

काही प्रथिनांत एक पकडणारा भाग असतो. त्याच्या खळग्यात समोरच्या प्रथिनावरचं फॉस्फेट बसतं. शेजारची अमिनो आम्लंही जुळली, तर पकड पक्की. अशा एका भागाला आपण नवा जोडीदार शोधला, असं सरांनी जाहीर केलं. वर्तमानपत्रात फोटोही आला.

बुद्धभूषणने खळग्यातलं फॉस्फेट धरणारं अमिनो आम्लच बदलून पाहिलं. पकड सुटायला हवी होती, सुटली नाही. जोडीदारावरचं फॉस्फेट काढलं, तरी चिकटलेलंच. वरवर चिकटलेलं जादा मिठाच्या पाण्यात सुटतं. मग त्याने मीठ वाढवून धुतलं, आणि जोडीदार वाहून गेला.

“सर, ही ओळख नव्हे. नुसतं चिकटलंय.”

“मग कमी मिठात धू! खसाखसा घासायला ती काय लग्नाची भांडी आहेत?”

त्याने तारीख घालून वहीत सगळं लिहिलं. सरांनी ते वगळूनच लेख छापायला पाठवला. आठ महिन्यांनी लेख तपासणाऱ्या परीक्षकांनी नेमका तोच प्रयोग मागितला. सर स्वतः टेबलापाशी आले.

“मला पहिल्यापासून संशय होताच. करून टाक.”

“झालाय, सर.” त्याने वही उघडली.

“तारीख बदल. कालची घाल.”

“नक्को, सर.”

सोमवारी त्याची बदली भांडारात झाली, हातमोजे वाटायला. बायको सखू चिडली, “अहो, एक तारीख तर होती!” त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

सरांनी लेख गुपचूप मागे घेतला. ही बातमी मात्र फोटोसकट आली नाही. उन्हाळ्यात नव्या विद्यार्थ्यांना त्यांनी ‘शंका घेण्याचं धैर्य’ यावर तासभर ऐकवलं; पडद्यावर चित्रं त्याच वहीतली.

शिवानी नावाच्या विद्यार्थिनीने विचारलं, “सर, बदललेल्या प्रथिनाची घडी बिघडली नव्हती, हे कशावरून? बिघडलेलं प्रथिन कशालाही चिकटतं ना?”

सर पाणी प्यायले. पुन्हा प्यायले.

“ते मी तपासलं होतं,” जेवणाच्या सुट्टीत येऊन मागच्या रांगेत बसलेला बुद्धभूषण म्हणाला आणि पुढे आला. वीस मिनिटं त्याने फळ्यावर आकृत्या काढून समजावलं. मुलं लिहून घेत होती. मग तो घड्याळ बघून निघाला. दोनला भांडार उघडायचं होतं.